अवधच्या गढ्या आणि तालुकदारांच्या तोफा

कंपनी सरकारने फेब्रुवारी १८५६ मध्ये अवध, म्हणजे लखनौभोवतीचं नवाबाचं राज्य, खालसा केलं, तेव्हा तिथे ज्याच्या हातात हत्यार त्याचीच जमीन, असा मामला होता. बड्या तालुकदाराच्या, म्हणजे गावंच्या गावं ताब्यात असलेल्या जमीनदाराच्या, पदरी शेकड्यांनी बंदूकवाले असत, शिवाय दोन-चार तोफा. गढी मातीचीच, पण तोफेचा गोळा त्या भिंतीत नुसता रुतून बसे. भोवती खंदक, आणि त्यापलीकडे मुद्दाम वाढवलेलं बांबूचं, काटेरी झुडपांचं रान. त्यात शिरणाऱ्या शिपायाला पासी जातीचे तिरंदाज टिपत.

सारावसुली ही त्यामुळे लहानशी मोहीमच असे. नवाबाचा चकलेदार, म्हणजे सारा वसूल करणारा अधिकारी, फौजफाटा घेऊन यायचा, तालुकदार दरवाजे लावून घ्यायचा, थोडा गोळीबार, मग घासाघीस. मधल्या मध्ये उभी पिकं आणि गावं जळत ती रयतेची. लखनौ दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) स्लीमन १८४९-५० च्या हिवाळ्यात प्रांतभर फिरला, त्याच्या रोजनिशीत हे सगळं आहे. गंमत म्हणजे तो स्वतः खालसा करण्याच्या विरोधात होता, पण त्याची वर्णनं खालसा करणाऱ्यांच्याच कामी आली.

इंग्रजांनी १८५६ च्या जमाबंदीत तालुकदारांची बरीच गावं काढून घेतली. पुढच्याच वर्षी यातले कितीतरी बंडात उतरले. शंकरपूरच्या राणा बेनी माधोला नोव्हेंबर १८५८ मध्ये घेरलं, तेव्हा गढी घ्या, पण मी माझ्या अवधच्या बादशहाचा आहे, असं कळवून तो रातोरात निसटला.

त्यानंतर सरकारने प्रांत निःशस्त्र करायला घेतला. दीड हजारांहून जास्त गढ्या पाडल्या, रान तोडलं, सातशेच्या वर तोफा जमा केल्या. तलवारी-बंदुकांची मोजदाद लाखांत गेली.

जमीन मात्र बहुतेकांना परत मिळाली. व्हाइसरॉय कॅनिंगने ऑक्टोबर १८५९ मध्ये लखनौला दरबार भरवून सनदा वाटल्या, निवडक तालुकदारांना मॅजिस्ट्रेटचे अधिकारही दिले. ज्याची गढी पाडली, तोच आता शेजारपाजारच्या फौजदारी खटल्यांचा निवाडा करू लागला! १८७८ च्या हत्यार कायद्याने बंदुकीला परवाना लागू झाला. नियमांत बड्या मंडळींना सूट होती. कुळांच्या दारात तालुकदाराच्या कारिंद्याबरोबर (कारभाऱ्याबरोबर) लठैत, म्हणजे लाठीवाले, येत राहिले. १९२०-२१ मध्ये रायबरेली, फैजाबादकडच्या किसान सभांनी बेदखली (कुळाला जमिनीवरून हुसकावणं), नजराणा आणि वेठबिगारीविरुद्ध आवाज उठवला, तेव्हाही त्यांना सामना करावा लागला तो या लठैतांचा आणि तालुकदारांच्या मदतीला आलेल्या पोलिसांचा.