लिन विकरे

लिन विकरे : एचसीएच (हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन) या कीटकनाशकाचे विघटन करणारी, मुख्यतः स्फिंगोबियम व त्याच्या जवळच्या प्रजातींतील जिवाणूंमध्ये आढळणारी विकरे (एंझाइमे). आपल्याकडील शेतकऱ्यांना हे रसायन बीएचसी भुकटी किंवा गॅमेक्सिन म्हणून परिचित होते.

बेंझिनवर प्रकाशात क्लोरीनची प्रक्रिया केली की एचसीएचच्या अल्फा, बीटा, गॅमा इत्यादी समघटकांचे (अणू तेच, पण मांडणी वेगळी अशा रूपांचे) मिश्रण मिळते. त्यात अल्फा 60–70 टक्के, तर कीटक मारणारा गॅमा म्हणजेच लिंडेन 10–15 टक्केच असतो. उरलेला माल कारखान्यांभोवती टाकला गेला. लखनौजवळच्या उम्मरी येथील कचराभूमीत मातीच्या एका किलोत 450 ग्रॅमपर्यंत एचसीएच आढळले आहे.

विघटनाची सुरुवात लिन-ए करते. हे विकर शेजारच्या दोन कार्बनांवरील एक हायड्रोजन व एक क्लोरीन काढते आणि त्यासाठी त्याला कोणताही सहघटक (मदतनीस रेणू) लागत नाही. अट एकच : ते दोन्ही अणू अक्षीय (सहा कार्बनांच्या कड्याच्या पातळीला उभे) व परस्परविरुद्ध दिशांना असले पाहिजेत. गॅमामध्ये अशा जोड्या आहेत. बीटामध्ये सहाही क्लोरीन विषुवीय (साधारण कड्याच्या पातळीत) असल्याने एकही नाही, म्हणून लिन-ए तिथे निष्प्रभ ठरते. बीटा मातीत आणि शरीरातील चरबीत सर्वांत जास्त टिकतो, त्याचे मूळही याच रचनेत आहे.

गॅमावर लिन-ए दोन वेळा काम करून दोन क्लोरीन काढते. पुढचे दोन लिन-बी पाण्याच्या साहाय्याने काढते. त्यानंतर लिन-सी हायड्रोजन काढून डायक्लोरोहायड्रोक्विनोन बनवते. लिन-डी व लिन-ई यांच्या कामात उरलेले दोन क्लोरीन सुटतात आणि कार्बनांचे कडे फुटते. लिन-बी वेळेवर पोचले नाही, तर मधला अस्थिर पदार्थ आपोआप ट्रायक्लोरोबेंझिन होतो आणि हा मार्ग तिथेच खुंटतो.

बीटावर लिन-बी काम करते, पण सगळीकडे सारखे नाही. जपानमधील यूटी26 या जिवाणू-वाणाचे लिन-बी एकच क्लोरीन काढून थांबते. एमआय1205 या वाणातील विकर त्यापेक्षा केवळ 7 अमिनो आम्लांनी वेगळे आहे, तरी ते दुसराही क्लोरीन काढते. फैजाबादच्या उसाच्या मुळांजवळील मातीतून मिळालेल्या बी90ए या वाणात लिन-एच्या दोन प्रती आहेत. त्यांतली प्रत्येक अल्फाच्या एकेका आरसा-प्रतिमेला प्राधान्य देते.

एचसीएच शेतात आले ते 1940 च्या दशकात. त्यामुळे ही विकरे घडवणाऱ्या जनुकांची जुळणी ताजी आहे आणि तिचे सांधे अजून दिसतात. यूटी26 मध्ये ही जनुके दोन गुणसूत्रे व एका प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या कड्यावर) विखुरलेली आहेत आणि अनेक वाणांत त्यांच्या शेजारी आयएस6100 हा उडता जनुकतुकडा सापडतो. लिन-एच्या जनुकात जी-सी जोड्यांचे (डीएनएमधील ग्वानिन-सायटोसिन जोड्यांचे) प्रमाण उरलेल्या जीनोमपेक्षा बरेच कमी आहे, म्हणजे ते बाहेरून आलेले असावे. जुळणी अशी सैल असल्यामुळे साध्या पोषक माध्यमात वारंवार वाढवल्यास ही जनुके गळूनही पडतात. म्हणून वाण लिंडेनयुक्त माध्यमावरच जपावे. एचसीएचचा पांढरा थर दिलेल्या अगारवर वसाहतीभोवती स्वच्छ वलय दिसले, तर क्षमता शाबूत आहे.

प्रदूषित जमिनीत अडचण विकरापेक्षा विद्राव्यतेची असते. लिटरभर पाण्यात लिंडेन सुमारे 7 मिलिग्रॅमच विरघळते, बीटा तर त्याहून कमी. ढेकळातला स्फटिक जिवाणूला मिळतच नाही. म्हणून माती बारीक करून ओली व हवेशीर ठेवावी लागते. बी90ए मक्याच्या कणसांच्या भुशावर बसवून मातीत मिसळण्याचे प्रयोग झाले आहेत. परिणाम तपासताना केवळ मूळ एचसीएच घटले यावर समाधान मानू नये. गॅमाच्या पूर्ण विघटनात एका रेणूमागे 6 क्लोराइड सुटतात. मोजणीत ते चारच भरले, तर क्लोरीनयुक्त मधले पदार्थ मातीतच आहेत.