ग्रीन टीत कॅफिन असतंच

ग्रीन टी 'हर्बल', म्हणून त्यात कॅफिन नसतं, हा समज चुकीचा आहे. ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा एकाच झाडाच्या पानांचा. फरक फक्त पानं प्रक्रिया करून काळी होऊ दिली की नाही, एवढाच. कपभर ग्रीन टीत साधारण 20 ते 45 मिलिग्रॅम कॅफिन उतरतं. माचा या जपानी ग्रीन टीत त्याहून जास्त, कारण तिथे अख्ख्या पानाची पूडच पोटात जाते.

'पहिलं पाणी अर्धा मिनिट ठेवून ओतून द्या, कॅफिन गेलं' हा उपायही फसवा. तेवढ्या वेळात थोडंच कॅफिन निघतं, बाकीचं पानातच राहतं. वर चव मात्र जाते. कमी हवं असेल तर उकळतं पाणी टाळा, 70-75 अंशांचं घ्या आणि दोन मिनिटांत पिशवी बाहेर काढा. डिकॅफमध्येही, म्हणजे कॅफिन काढलेल्या चहातही, किंचित उरतंच.

पूर्ण टाळायचं असेल तर गवती चहा, आलं, पुदिना किंवा सुकी जास्वंद पाण्यात उकळा. रूइबॉस या दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपाचा चहाही चालेल. खरी फसगत 'तुळस ग्रीन टी'सारख्या पाकिटांत होते: पुढे तुळशीचं चित्र, मागे घटकांत ग्रीन टी. म्हणून पाकीट उलटून वाचाच.