अंगातल्या वाफा नेमक्या येतात कोठून?

जानेवारीच्या पहाटे रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या बायकांमध्ये एखादी तरी शाल काढून पदराने मान पुसताना दिसते. ‘अंगातनं नुसत्या वाफा निघाल्यात बघ,’ ती म्हणते, आणि सोबतीणीचे निदानही तयार असते: ‘रात्री तांबडा रस्सा ओरपलास न्हवं, उष्णता झाली.’

रश्श्यावरचा हा आळ अर्धाच खरा आहे. पाळी जाण्याच्या वयातल्या या वाफेला तिखट खाण्याने निमित्त मिळू शकते. तिचे मूळ मात्र मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे शरीराचे तापमान राखणाऱ्या केंद्रात असते. तेथील काही चेतापेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा वचक असतो. चाळिशीनंतर बीजकोशांतून ते कमी-जास्त होत घटू लागले की या पेशी अतिसक्रिय होतात आणि शरीराला चालणाऱ्या तापमानाची मर्यादा इतकी अरुंद होते की, किंचितशा वाढीनेही धोक्याची घंटा वाजते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा तापतो, छातीत धडधडते, घाम फुटतो. काही मिनिटांत उष्णता निघून गेल्यावर थंडी वाजते आणि काढलेली शाल पुन्हा अंगावर येते. सब्जा-गुलकंदाने पोटाला बरे वाटेल, पण या बिघाडापर्यंत ते पोहोचत नाहीत. याच पेशींना आवरणारे, संप्रेरक नसलेले फेझोलिनेटंट हे औषध अमेरिकेत 2023 मध्ये मंजूर झाले.

सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतात हे वय सरासरी 46-47 आहे. वाफा मात्र काहींना काही महिने, तर अनेकींना सात-आठ वर्षे छळतात.

या वाफांवर दिल्या जाणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्यांचे नाव काढताच कर्करोगाची भीती पुढे येते. ती पसरली 2002 मध्ये, अमेरिकेतील एक मोठी चाचणी मध्येच थांबवण्यात आली तेव्हा; परंतु त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, हे फारसे सांगितले गेले नाही. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास, त्रास जास्त असणाऱ्या बहुतेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत फायद्याचे पारडे जड ठरते. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या किंवा यकृताचा विकार असल्यास गोष्ट वेगळी. गर्भाशय शाबूत असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक द्यावेच लागते, त्यामुळे शेजारणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणे हा मार्ग नव्हे. योनीचा कोरडेपणा आणि लघवीची जळजळ यांबद्दल तर बायका डॉक्टरांकडेही बोलत नाहीत. त्यावर नुसते लावायचे मलमही पुरेसे ठरते.

हाडांची झीज मुकाट्याने होते आणि पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ती सर्वाधिक वेगाने होते. नाचणीची भाकरी, दूध, कोवळे ऊन हे हवेच. शिवाय वजन पेलणारा व्यायामही हवा, म्हणून रंकाळ्याची फेरी सोडू नये.

‘वयाचंच आहे’ हे वाक्य एका ठिकाणी धोक्याचे ठरते. वर्षभराच्या खंडानंतर थेंबभरही रक्त दिसले, तर ती ‘परत आलेली पाळी’ नसते. बहुधा कारण साधे निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही याची खात्री सोनोग्राफीने आणि गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासून करावीच लागते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा असतो आणि तेथेच बहुतेकींची गाडी अडते. भिंतीवरच्या ज्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे न चुकता मांडले जातात, त्याच चौकटींत पाळीच्या तारखेभोवतीही एक गोल करून ठेवावा.