फर्मची नोंदणी म्हणजे व्यवसायाची मान्यता नव्हे

‘फर्मचं नाव नोंदवा, बोर्ड लावा, की फ्रीलान्स हिशेबनीस मान्यताप्राप्त अकाउंटंट होतो’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा वाटणं साहजिक आहे, कारण नोंदणीचा कागद हातात येतो आणि त्यावर शिक्काही असतो.

पण त्या कागदावर कोणाला काय दिलंय ते नीट वाचा. तिथे धंद्याचं नाव, पत्ता, करासाठीचा क्रमांक असतो. तुमच्या परीक्षेबद्दल किंवा अनुभवाबद्दल एक ओळही नसते. व्यावसायिक मान्यता माणसाला मिळते. त्यासाठी परीक्षा, देखरेखीखालचा अनुभव आणि सदस्यत्व लागतं. अनेक ठिकाणी सदस्यत्व वेगळं आणि स्वतःची प्रॅक्टिस करण्याचा परवाना वेगळा असतो. इथेच बहुतेकांची गफलत होते.

याचा अर्थ परवान्याशिवाय काहीच करता येत नाही, असाही नाही. व्हाउचर लावणं, खतावणी, बँकेच्या उताऱ्याशी रोकडवही जुळवणं ही कामं बहुतेक देशांत विनापरवाना चालतात. वैधानिक लेखापरीक्षण म्हणजे कायद्याने सक्तीची हिशेब तपासणी; तिच्या अहवालावरची सही मात्र परवानाधारकांसाठी राखीव असते.

एखादा अकाउंटंट खरंच मान्यताप्राप्त आहे का, याची खातरजमा सोपी आहे. व्यावसायिक संस्था सहसा सदस्यांची यादी सगळ्यांसाठी खुली ठेवतात. तिथे त्याचं नाव आहे का आणि परवाना चालू आहे का, ते पाहा. स्वतः मान्यता मिळवण्याच्या वाटेवर असाल तर आजपासून प्रत्येक ग्राहकाशी कामाची व्याप्ती लेखी ठरवा. पण अशा फ्रीलान्स कामाचा अनुभव परवान्यासाठी धरला जाईल का, हे आधीच संस्थेला विचारून घ्या.