चोरून खाल्लेल्या डब्याची नोंद

‘क्रोनो ट्रिगर’ हा रोल-प्लेइंग (एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा) व्हिडिओ गेम जपानच्या ‘स्क्वेअर’ कंपनीने १९९५ साली आणला. सुरुवातीलाच जत्रा भरलेली असते. तिथे टेबलावर कुणा म्हाताऱ्याचा डबा ठेवलेला. बटण दाबलं की आपला नायक क्रोनो तो खुशाल फस्त करतो. कुणी हटकत नाही. खेळणारा पुढे जातो आणि विसरतो.

बऱ्याच वेळाने क्रोनोवर राजकन्येला पळवल्याचा खटला उभा राहतो आणि एकेक गोष्ट बाहेर येऊ लागते. जत्रेत ती मुलगी धडकून पडली, तेव्हा आधी तिची विचारपूस केली, की तिचं पडलेलं लॉकेट उचललं? आणि तो डबा? त्याचा मालक म्हातारा साक्षीला हजर! चिमुरडीचं हरवलेलं मांजर शोधून दिलं असेल, तर ती क्रोनोच्या बाजूने बोलते. (गंमत म्हणजे ज्युरींनी निर्दोष ठरवलं तरी तुरुंगवारी चुकत नाही. कथा पुढे तिथूनच जायची असते!)

हे चित्रगुप्ताचं काम तांत्रिकदृष्ट्या किरकोळ आहे. डबा खाल्ला की मेमरीतला एक ठरलेला बिट (फक्त ० किंवा १ ठेवणारा कप्पा) ० चा १ होतो. प्रोग्रामर त्याला फ्लॅग म्हणतात. कोर्टात प्रोग्राम हे फ्लॅग तपासतो आणि आधीच लिहिलेल्या संवादांतला जुळणारा दाखवतो. बस्स, एवढंच.

मग तो म्हातारा खरा का वाटतो? फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे फिरणारी छोटी फिल्म लोकांना दाखवली. काय दिसलं ते लिहा, एवढंच सांगितलेल्या ३४ जणांपैकी फक्त एकाने निव्वळ आकारांची हालचाल वर्णिली. बाकीच्यांना सजीव दिसले: भांडणारे, घाबरणारे. हालचालीमागे हेतू शोधायची मेंदूला खोडच आहे. माझ्या मते इथे खरी करामत उशिराची आहे. म्हातारा लगेच ओरडला असता, तर बटणाला मिळालेलं उत्तर वाटलं असतं. उशिरा बोलला म्हणून मनात डूख धरल्यासारखा वाटतो.

‘फायनल फँटसी ७’ या गेमने (१९९७) बिटाऐवजी आकडेच ठेवले. नायकाच्या साथीदारांपैकी एरिथची त्याच्याशी जवळीक ५० पासून सुरू होते, टिफाची ३०, युफीची १०, बॅरेटची ०. फूल कुणाला दिलं, कुणाला काय उत्तर दिलं, यावर हे आकडे गुपचूप वरखाली होतात. पुढे एका रात्री, ज्याचा आकडा मोठा, तो साथीदार नायकाला फिरायला न्यायला येतो. तिघींशी फटकून वागलात आणि बॅरेटला सांभाळलंत, तर दार उघडल्यावर हाताच्या जागी बंदूक असलेला तो धिप्पाड गडीच उभा!