आरटीओचे काम बंद असताना लायसन्सची तारीख उलटली तर? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कर्मचाऱ्यांचा संप असो, सर्व्हर बसलेला असो की जोडून आलेल्या सुट्ट्या असोत, आरटीओचे काम थांबले की आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एकच प्रश्न येतो: "लायसन्स याच आठवड्यात संपतंय, आता दंड बसणार का?" फोनवर घाईत सांगताना निम्मे राहून जाते, म्हणून सगळे इथे लिहून ठेवले आहे.

आधी एक जुना समज दूर करू. लायसन्स संपल्यावर ३० दिवस चालते, असे अजूनही बरेच जण धरून चालतात. ती सवलत मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने गेली. आता कार्डावरची तारीख हीच शेवटची. नूतनीकरणाचा अर्ज मात्र त्या तारखेच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. तारीख उलटून वर्षाहून जास्त काळ गेला, तर गाडी चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या माणसालाही त्यातून सूट नाही.

सरकारी कामकाज थांबले म्हणून नागरिकाला फटका बसू नये, ही सोय कायद्यात जुनीच आहे. १८९७ च्या सर्वसाधारण खंड अधिनियमाचे कलम १० सांगते की, एखादे काम कार्यालयात ठरावीक दिवसापर्यंत करायचे असेल आणि त्या दिवशी कार्यालय बंद असेल, तर पुढच्या कामाच्या दिवशी केलेले काम मुदतीत केले असे मानायचे. "पुढच्या कामाच्या दिवशी" हे शब्द नीट वाचा. पुढच्या आठवड्यात, सवडीने, असे त्यात कुठेही नाही. शिवाय संपात कार्यालयाचे दार बहुधा उघडेच असते, आत एखादा अधिकारीही बसलेला असतो. तेव्हा "कार्यालय बंद होते" हे पटवून देणे सोपे राहत नाही.

दुसरी सोय म्हणजे सरकारचे परिपत्रक. ३१ जानेवारी ते १२ फेब्रुवारी २०२४ या काळात लायसन्सचे अर्ज ऑनलाइन भरायचे सरकारी संकेतस्थळ, म्हणजे 'सारथी' पोर्टल, विस्कळीत झाले होते. तेव्हा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ३१ जानेवारी ते १५ फेब्रुवारीदरम्यान संपलेली शिकाऊ, पक्की आणि कंडक्टरची लायसन्स २९ फेब्रुवारीपर्यंत वैध धरली, तीही दंडाशिवाय. पण ज्यांचे लायसन्स २५ जानेवारीला संपले होते, त्यांना या परिपत्रकाचा काही उपयोग नव्हता. आणि ज्यांना उपयोग होता, त्यांनाही २९ तारखेच्या आत काम उरकायचे होते. त्याआधी करोनाच्या वेळी अशीच मुदतवाढ टप्प्याटप्प्याने ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत गेली, त्यामुळे सरकार दर वेळी तारीख वाढवतेच असे लोकांच्या मनात बसले. तसे नाही. परिपत्रक निघाले तरच सवलत, आणि त्यात लिहिलेल्या तारखांपुरतीच.

आता ज्या चुकीमुळे तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो, तिच्याबद्दल. "ऑफिस सुरू झालं की येतो," ही ती चूक. नूतनीकरणाचा अर्ज सारथीवर भरायचा असतो, आणि खिडकीवर माणूस नसला तरी पोर्टल सहसा चालू असते. मुदतीच्या आत अर्ज भरून फी भरली, तर अर्ज क्रमांक आणि तारखेची पावती तुमच्या हातात येते. पुढे कागद तपासायला आठ दिवस लागले तरी तुमची बाजू कागदावर भक्कम असते. ज्यांनी संप मिटायची वाट पाहिली, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नसते. मग ते आम्हाला म्हणतात, "मागची तारीख टाकून द्या." ते आम्ही करत नाही, आणि करताही येत नाही. अर्जावरची तारीख पोर्टल स्वतः टाकते.

पोर्टलच बंद असेल, तर पडद्यावर आलेल्या संदेशाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट रोज काढून ठेवा. जमल्यास आरटीओच्या आवक-जावक विभागात साधे पत्र देऊन पोच घ्या.

पैसे भरताना विशेष जपा. सर्व्हर अडखळत असताना खात्यातून रक्कम जाते आणि पावती येत नाही. अशा वेळी पुन्हा पैसे भरू नका. सारथीवर फी भरण्याच्या विभागात पेमेंटची स्थिती पडताळण्याचा पर्याय आहे. तिथे अर्ज क्रमांक टाकला की अडकलेली पावती बहुतेक वेळा निघते. दोनदा भरलेली फी परत मिळवणे हे मूळ कामापेक्षा मोठे काम होऊन बसते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अर्जाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे. परिपत्रक नसेल, तर संपलेल्या लायसन्सवर गाडी बाहेर काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड आहेच, पण अपघात झाला तर विमा कंपनी सर्वांत आधी लायसन्सची तारीख पाहते. चार दिवस रिक्षाने जा.

शिकाऊ लायसन्सवाल्यांचे नुकसान याहून मोठे असते. त्याची मुदत सहा महिने, आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तरीही अनेक जण सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातला स्लॉट मागतात. तो दिवस संपात गेला तर पुढचा स्लॉट मुदतीबाहेर जातो, आणि नवे शिकाऊ लायसन्स काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून आम्ही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच स्लॉट घेतो. "आम्हाला घाई करता" अशी तक्रार ऐकू येते, पण हात बसला की थांबण्यात काही मिळत नाही.

नूतनीकरणाचे कागद आम्ही तीन महिने आधी मागतो, तेही याच कारणाने. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचे नमुना १-अ प्रमाणपत्र लागते, आणि अर्ज बहुधा तिथेच अडतो. सरकारी कारणाने स्लॉट रद्द झाला तर नवा स्लॉट घेऊन देण्याचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. चाचणीला गाडी दुसऱ्यांदा पाठवावी लागली, तर इंधनाचा खर्च तेवढा घेतो. तुमच्या प्रत्येक अर्जाची पावती आणि स्क्रीनशॉट आमच्या फाइलमध्ये राहतो, तो केव्हाही मागा.

आमच्याकडे शिकलेल्या कुणाच्याही लायसन्सची तारीख आम्ही नोंदवहीत घालतो आणि तीन महिने आधी व्हॉट्सअॅपवर कळवतो. घरातल्या इतरांची लायसन्स दुसरीकडे काढलेली असली तरी त्यांच्या कार्डांचे फोटो पाठवा, त्याही तारखा लिहून ठेवू. त्यासाठी पैसे लागत नाहीत.