लिफ्टमधल्या बाईला आजीचं उत्तर

ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या इमारतींत जाळीच्या दाराची लिफ्ट अजून टिकून आहे. दार नीट लागलं नाही की आतली रेकॉर्ड केलेली बाई सुरू होते: "कृपया दरवाजा बंद करा." एकदा, दोनदा, पाचदा. समजा, मंडईतून आलेली आजी एका हातात पालेभाजीची पिशवी, दुसऱ्या हातात किल्ल्या घेऊन आत शिरते आणि वैतागून म्हणते, "अगं हो, पिशवी तरी आत घेऊ दे!" मागे उभा असलेला नातू फिसकन हसतो. क्षणभराने आजीलाही हसू फुटतं.

एवढ्याशा वेळात मेंदूने बरंच काम उरकलेलं असतं. आवाज यंत्राचा आहे आणि यंत्राला उत्तर द्यायचं नसतं, हे नातवाने गृहीत धरलेलं होतं. आजीच्या वाक्याने ते मोडलं. पण दारात उभं राहून घाई करणाऱ्या शेजारणीला हेच उत्तर दिलं असतं तर ते चपखल बसलं असतं, हेही त्याच दमात कळलं. मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी १९७२ मध्ये विनोद समजण्याचे असे दोन टप्पे मांडले: आधी विसंगती खटकते, मग तिचा उलगडा होतो. नुसतं खटकलं आणि उलगडलं नाही, तर माणूस गोंधळतो, हसत नाही.

नवी मुंबईत विनोदाची ही सामग्री पत्त्यातच भरून ठेवली आहे. वाशी, नेरूळ, खारघर, प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, सेक्टरचे आकडे नव्याने एकपासून सुरू होतात. "मी सेक्टर १७ ला पोचलोय, तुम्ही कुठे?" "आम्हीपण सतरातच!" एक जण वाशीत, दुसरे खारघरला. दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी, म्हणूनच ऐकणाऱ्याला हसू येतं. रिक्षाचं भाडं मोजणाऱ्याला मात्र त्या घटकेला येत नाही.

का येत नाही, याचं पटणारं उत्तर पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये दिलं. त्यांच्या मते गमतीसाठी दोन गोष्टी एकाच वेळी जाणवाव्या लागतात: काहीतरी रीत मोडली आहे, आणि त्यात धोका नाही. यातली दुसरी निसटली की हसण्याच्या जागी राग किंवा भीती येते. तीच आजी त्याच लिफ्टमध्ये वीस मिनिटं अडकली, तर त्या रात्री घरात कुणी हसणार नाही, हसूही नये. महिन्याभराने आजी स्वतःच साभिनय सांगू लागेल. २०१२ च्या सँडी चक्रीवादळावरचे विनोद लोकांना कधी किती विनोदी वाटतात, हे याच गटाने ठरावीक दिवसांनी विचारून पाहिलं. सुरुवातीला ते रुचले नाहीत, सुमारे ३६ दिवसांनी सर्वांत जास्त विनोदी वाटले आणि पुढे शिळे झाले. हा आकडा घरच्या प्रसंगांना जसाच्या तसा लावू नये. पण फार लवकर सांगितलं तर बोचतं आणि फार उशिरा सांगितलं तर पडतं, हा क्रम कामाचा आहे. आणि ज्याच्यावर हसायचं त्याला ते सुरक्षित वाटलं पाहिजे. आजी हसली नाही, तर तो किस्सा पुढे सांगायचा नाही. यात मला तरी सूट दिसत नाही.

आता हसण्याची शारीरिक बाजू. हसू प्रामुख्याने बाहेर जाणाऱ्या श्वासावर स्वार होतं. तो श्वास तुकड्यातुकड्यांत तुटतो: एक 'हा' साधारण ७५ मिलिसेकंदांचा, आणि असे 'हा' सुमारे २१० मिलिसेकंदांच्या अंतराने. हसण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी ही मापं घेतली. पोटाचे आणि बरगड्यांमधले स्नायू पुन्हापुन्हा आकुंचन पावतात, म्हणून 'हसून हसून पोट दुखलं' हे अक्षरशः खरं असतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात दात न दिसणाऱ्या स्मितापासून कुशी धरायला लावणाऱ्या अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार आहेत. शरीर किती सामील झालं, यावरूनच तो चढता क्रम लागतो.

प्रोव्हाइन यांनी मॉल, रस्ते अशा ठिकाणी हसण्याचे १२०० प्रसंग टिपले. त्यांतल्या फार तर १० ते २० टक्के वेळा आधीचं वाक्य विनोदासारखं होतं. बाकी सगळं "चल, भेटू" किंवा "मलाही आनंद झाला" या जातीचं. एकट्यापेक्षा माणूस सोबतीत सुमारे तीसपट जास्त हसतो, असंही त्यांना दिसलं. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी सुरू केलेल्या हास्यक्लबातही चांगले विनोद थोड्याच दिवसांत संपले आणि विनोदाशिवाय हसायचा व्यायाम सुरू झाला. सोबत होती, तेवढी पुरली.

मग लिफ्टचा किस्सा जेवताना सांगितला की का पडतो? बहुधा क्रम चुकतो. "आज आजी लिफ्टच्या रेकॉर्डिंगला उत्तर देत होती, काय हसलो!" इथे उलगडा आधी, विसंगती नंतर, ऐकणाऱ्याच्या मेंदूला काही कामच उरलं नाही. असं सांगून पाहा: "आजी लिफ्टमधल्या बाईला म्हणाली, अगं हो, पिशवी तरी आत घेऊ दे! आणि लिफ्टमध्ये होती फक्त आजी." मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. 'लिफ्टमध्ये फक्त आजी होती' म्हटलं तर 'आजी' हा कळीचा शब्द आधी येतो आणि 'होती' मागे लोंबत राहतं. आपला शब्दक्रम लवचिक आहे, तेव्हा 'होती' पुढे ओढायचं आणि 'आजी' शेवटी ठेवायची. त्यानंतर गप्प बसायचं. लोक सहसा वाक्य संपल्यावर हसतात; तिथेच "आहे की नाही गंमत?" घुसवलं तर त्यांची जागा आपण खातो. आजीचे शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत, कारण चार दिवसांनी 'अगं हो' गळतं आणि तिथेच तिचा आवाज हरवतो. आणि आपण हसलो म्हणून किस्सा जमला असं समजू नये: प्रोव्हाइन यांच्या नोंदींत बोलणारा ऐकणाऱ्यापेक्षा ४६ टक्के जास्त हसत होता.

बातम्यांनाही हेच यंत्र लागू पडतं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणाऱ्या इग नोबेल पुरस्कारांत २०२५ मध्ये विकास कुमार आणि सार्थक मित्तल या भारतीय संशोधकांचा गौरव झाला, विषय बुटांच्या रॅकचा वास. चपलांचं रॅक पॅसेजमध्ये ठेवू नये, अशी नोटीस ज्या सोसायटीच्या फलकावर लागली आहे, तिथे ही बातमी वाचून हशा पिकणारच. हसून झाल्यावर पुढच्या ओळी वाचाव्यात. त्यांनी १४९ विद्यार्थ्यांना विचारलं, वासाचं मूळ घामावर वाढणाऱ्या जिवाणूंत शोधलं आणि रॅकमध्येच जंतू मारणाऱ्या अतिनील-सी (UV-C) किरणांचा दिवा बसवून पाहिला. दोन-तीन मिनिटं पुरली. जास्त वेळ ठेवल्यावर बूट तापून रबर जळल्याचा वास येऊ लागला. घरी मात्र असा उघडा दिवा लावून बघू नये. हे किरण डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात. पावसाळ्यात ओले बूट रॅकमध्ये कोंबण्याआधी आतली सुकतळी बाहेर काढून पंख्याखाली वाळवली, तरी जिवाणूंना लागणारी ओल बरीच कमी होते.